विंचवाचे बिऱ्हाड आणि दारातली मोटार

२०२५ च्या घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. वरचा उपकरही गेला. सणासुदीच्या तोंडावर झालेल्या या कपातीचे मध्यमवर्गाने स्वागत केले, ते स्वाभाविकच होते. ज्या घरात काल स्कूटरच्या हप्त्याचा विचार चालला होता, तेथे आज मोटारीच्या हप्त्याची आकडेमोड सुरू झाली. पगाराची पावती दाखवताच कर्ज मिळते, जुनी मोटार तर दोन-तीन लाखांतही येते. मग अडते कोठे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. परंतु करकपातीने मोटार विकत घेणे स्वस्त होते, मोटार बाळगणे नव्हे. हा भेद ज्याची नोकरी एका गावी पक्की आहे आणि ज्याला राहते घर आहे, त्याने विसरला तरी फारसे बिघडत नाही. जो नव्या नोकरीसाठी वा बदलीमुळे परक्या गावी बिऱ्हाड थाटतो आणि ज्याच्या गाठीला पहिल्या पगारापलीकडे काही नाही, त्याला मात्र हा विसर चांगलाच महागात पडतो.

नाशिक हे अशा माणसांचे गाव आहे. सातपूर आणि अंबड येथील कारखाने, नाशिकरोडचे नोटांचे व मुद्रांकांचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, विभागीय आयुक्तालय, आदिवासी विकास आयुक्तालय, मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्यामुळे बाहेरगावची माणसे येथे सतत येत असतात. त्यात खानदेशातून आलेला कंत्राटी कामगार असतो, मराठवाड्यातून नेमणूक मिळालेला शिक्षक असतो, मंत्रालयातून बदलून आलेला कारकून असतो आणि महाविद्यालयात नाव घातलेला कळवण-सुरगाण्याचा विद्यार्थीही असतो. मुंबईत घर परवडत नाही म्हणून नोकरी तेथे ठेवून बिऱ्हाड मात्र नाशिकला आणणाऱ्यांचा वर्गही जुनाच आहे.

या सर्वांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळून चुकते. नाशिक हे एका चौकाभोवती वाढलेले शहर नाही. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि या वस्त्यांमधील अंतरे शहराच्या नशिबी कायमची आली. रेल्वे स्थानक नाशिकरोडला, जुन्या गावापासून सुमारे नऊ किलोमीटर दूर, कारखाने पश्चिमेला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आणि जिल्हा म्हणावा तर १५ तालुक्यांचा, सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून येवल्याच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत पसरलेला. अशा ठिकाणी आलेल्या माणसाला मोटारीची ओढ वाटली तर ती केवळ हौस म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. तो अंतराच्या प्रश्नावर उत्तर शोधत असतो. ते उत्तर योग्य आहे की नाही, एवढेच पाहिले पाहिजे.

सोळा हजारांतले साडेपंधरा हजार

हिशेब मांडण्यासाठी सर्वांत बिकट उदाहरण घ्यावे. राज्यात प्राथमिक शाळेवर नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. या काळातले त्याचे मानधन अनेक वर्षे सहा हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते १६ हजार झाले. माध्यमिक शाळेत ते १८ हजार व उच्च माध्यमिकमध्ये २० हजार आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पवित्र’ प्रणालीतून राज्यभर अकरा हजारांहून अधिक उमेदवारांची शिफारस झाली. या प्रणालीत नेमणूक मिळते ती गुण, प्रवर्ग आणि पसंतिक्रम यांच्या मेळातून. त्यामुळे घर एका जिल्ह्यात आणि शाळा भलत्याच जिल्ह्यात, हे दृश्य नवलाचे राहिलेले नाही.

समजा, असा एक शिक्षणसेवक नाशिक शहरात खोली घेऊन राहतो आणि त्याची शाळा दिंडोरीला, सुमारे २५ किलोमीटरवर आहे. त्याने तीन लाखांची जुनी मोटार घेतली. पन्नास हजार घरच्यांकडून आणले आणि अडीच लाखांचे कर्ज तेरा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. त्याचा हप्ता महिन्याला सुमारे ५,७०० रुपये होतो. महिन्यात २४ दिवस जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर म्हणजे १,२०० किलोमीटर. जुनी गाडी लिटरला १६ किलोमीटर चालली, तर ७५ लिटर पेट्रोल लागते. पेट्रोलचा भाव लिटरला १०४ रुपये धरला, तर ७,८०० रुपये केवळ इंधनाचे झाले. विमा सक्तीचा आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीसाठी निव्वळ तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ताच २०२२ पासून वर्षाला ३,४१६ रुपये असून त्यावर कर वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा जोडला, तर महिन्याला सातशे रुपये बाजूला काढावेच लागतात. टायर, बॅटरी, तेलपाणी आणि जुन्या गाडीचे अकल्पित आजार यांना मिळून महिना १,३०० रुपये ही रक्कम उदारपणाची नाही. एकूण साडेपंधरा हजार झाले. मानधन सोळा हजार. उरलेल्या पाचशे रुपयांत खोलीचे भाडे, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे!

हीच मजल एसटीने मारावयाची, तर २०२५ च्या जानेवारीतील भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यास सुमारे दहा रुपये पडतात. म्हणजे एका फेरीला पन्नासच्या घरात. मासिक पास काढला तर वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. पास सुमारे दोन हजारांचा झाला. तिमाही पासात ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस मिळतात. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे आणि विद्यार्थ्यांचा पास तर पूर्वीपासूनच सवलतीचा आहे. दोन हजार आणि साडेपंधरा हजार यांतला फरक म्हणजे एका कुटुंबाचा किराणा, घरभाडे आणि मुलांची फी.

येथे कोणी म्हणेल की, हिशेब मुद्दाम अतिशयोक्त केला आहे. दीड लाखाची गाडीही मिळते, ती रोखीने घेतली तर हप्ता नाही. हे खरे आहे. परंतु हप्ता वगळला तरी दहा हजारांच्या आसपासचा खर्च उरतोच, आणि गाडी जितकी जुनी तितकी ती गॅरेजमध्ये अधिक राहते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जणू जुन्या मोटारीसाठीच जन्माला आली आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती सरत आलेली गाडी स्वस्तात मिळते खरी, पण लवकरच तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे तिच्या मागोमाग येतात.

हौस, प्रतिष्ठा आणि सोय

मोटारीचा प्रश्न केवळ बेरीज-वजाबाकीने सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. एक काळ असा होता की कारकुनाची झेप स्कूटरपर्यंत होती आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळे. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली लहान मोटार रस्त्यावर आली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती आणि तरीही ती शिक्षकाच्या आवाक्याबाहेर होती. पुढे पावसात एकाच स्कूटरवरून चौघांचे कुटुंब जाताना पाहून रतन टाटा यांना लाख रुपयांच्या मोटारीची कल्पना सुचली. २००९ मध्ये ‘नॅनो’ बाजारात आली. त्या कल्पनेमागची कळकळ खरी होती. स्कूटरवरचे ते चौघे धोक्यात होतेच. पण इतक्या कमी किमतीची गाडीसुद्धा घराघरांत पोहोचली नाही आणि दहा वर्षांच्या आतबाहेर तिचे उत्पादन थांबले. त्याची कारणे अनेक दिली जातात. तथापि मोटार केवळ विक्रीच्या किमतीवर घरात येत नाही, हा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

प्रतिष्ठेचा भाग तर उघडच आहे. गावाकडून नोकरीला गेलेला मुलगा दिवाळीला एसटीने उतरतो की मोटारीने, याकडे भाऊबंदांचे लक्ष असते. लग्नाच्या बोलण्यात दारातली मोटार नोकरीइतकीच बोलकी ठरते. हे दडपण थट्टेने उडवून लावण्यासारखे नाही. पण या दडपणाखाली घेतलेली गाडी दिवाळीचे चार दिवस मिरवते आणि उरलेले दिवस सिडकोच्या एखाद्या गल्लीत उभी राहते. सिडकोने नव्या नाशकात सहा योजनांमधून घरे उभारली, तेव्हा त्या घरांत राहणाऱ्यांच्या दारात मोटार येईल असे कोणाच्या मनात नव्हते. आज त्याच अरुंद रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून रुग्णवाहिका नेणे कठीण होते. जुन्या नाशकातील वाड्यांची तर गोष्टच वेगळी. तेथे भाड्याने खोली घेणाऱ्याला गाडी लावण्यासाठी जागा शोधावी लागते, आणि तिच्यासाठी पैसे मोजावे लागले तर तेही हिशेबात धरले पाहिजेत.

बदलीच्या माणसाला आणखी एक भार असतो. मोटारीने संसार हलत नाही; बिछाने, भांडी आणि कपाट यांना टेम्पो लागतोच. राज्यातल्या राज्यात बदली झाली, तर नोंदणी क्रमांक तोच राहतो. परंतु पत्ता बदलल्याची सूचना परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत द्यावी लागते. परराज्यातून आलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची, तर नवा क्रमांक घेऊन कर भरण्याचे प्रकरण उभे राहते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, म्हणून तो विंचू हलका राहतो. ज्याच्या पाठीवर पाच वर्षांचा हप्ता आहे, त्याला बदली नाकारता येत नाही, नोकरी सोडता येत नाही आणि अन्याय झाला तरी तोंड उघडताना दहा वेळा विचार करावा लागतो. कर्जाची ही किंमत कोणत्याही वहीत लिहिलेली नसते.

आधी घर, मग वाहन

तेव्हा परक्या गावी आलेल्या माणसाने विचारावयाचा पहिला प्रश्न ‘कोणती गाडी घेऊ?’ हा नसून ‘कोठे राहू?’ हा आहे. सामान्यतः क्रम उलटा होतो. शहराच्या कडेला, मुख्य रस्त्यापासून दूर, दोन-तीन हजारांनी स्वस्त घर मिळते म्हणून घेतले जाते. मग तेथून कामावर पोहोचायला वाहन लागते. आणि भाड्यात वाचवलेल्या तीन हजारांच्या मागे दहा-पंधरा हजार जातात. याच्या उलट, कामाच्या जागेपासून चालत किंवा सायकलने जाता येईल असे, अथवा निमाणी, मध्यवर्ती बसस्थानक, द्वारका, नाशिकरोड अशा बस हमखास मिळणाऱ्या ठिकाणाजवळचे घर तीन हजारांनी महाग असले, तरी ते स्वस्तच पडते. घरभाडे आणि प्रवासखर्च या दोन वेगळ्या रकमा नाहीत. ती एकच रक्कम आहे आणि ती एकत्रच मांडली पाहिजे.

हे तत्त्व एसटीच्या वेळापत्रकालाही लागू आहे. खेडोपाडी रात्री मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी उठून शहराकडे निघते आणि संध्याकाळी शहरातून पुन्हा गावाकडे जाते. ग्रामीण भागातील वेळापत्रक मुख्यतः खेड्यातून तालुक्याला व शहराला येणाऱ्यांच्या सोयीने आखलेले असते. शहरात राहून खेड्यात नोकरीला जाणारा शिक्षक या प्रवाहाच्या उलट दिशेने पोहत असतो. सकाळी त्याची गाडी येत असते आणि संध्याकाळी जात असते. म्हणून त्याला एसटी गैरसोयीची वाटते आणि मोटार अपरिहार्य भासते. शाळेच्या गावी किंवा निदान तालुक्याच्या गावी राहिले, तर हीच गैरसोय बरीचशी नाहीशी होते.

शिक्षकांनी मुख्यालयी राहावे की नाही, हा वाद २०२२ मध्ये विधिमंडळातही गाजला. त्या वादात दोन्ही बाजूंनी बराच त्रागा झाला. पेठ किंवा सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर राहण्याजोगी खोली नसते, दवाखाना दूर असतो, मुलांच्या पुढील शिक्षणाची सोय नसते, हे शिक्षकांचे म्हणणे खोटे नाही. शिक्षक गावात राहिला तर शाळेला बरकत येते, हे गावकऱ्यांचे म्हणणेही खोटे नाही. पण या वादात एक गोष्ट क्वचितच बोलली गेली. गावात राहण्याची सोय सरकारने केली नाही आणि शहरातून जाण्याचीही केली नाही. दोहोंमधले अंतर शिक्षकाने स्वतःच्या पेट्रोलने भरून काढावे, अशी ही मूक व्यवस्था आहे.

अंतराचा खर्च कोणी सोसायचा?

नाशिकच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे स्थानक गावापासून दूर पडले, तेव्हा नाशिकरोड ते जुने गाव अशी ट्राम सुरू झाली. आरंभी ती घोडे ओढीत असत. १९३० च्या सुमारास ती बंद पडली, परंतु स्थानक आणि गाव यांमधील अंतर हा सार्वजनिक प्रश्न आहे हे तिने मान्य केले होते. पुढे जे मोठे सरकारी उद्योग येथे आले, त्यांनी दुसरे उत्तर दिले. ओझरच्या विमान कारखान्याने कामगारांसाठी वसाहत बांधली. नाशिकरोडच्या छापखान्यांच्या आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहती झाल्या. घर कामाजवळ आणले की अंतरच उरत नाही. त्या वसाहतींतला कामगार मोटारीवाचून अडला नाही. त्याची मुले वसाहतीजवळच्या शाळेत चालत गेली.

तिसरे उत्तर रेल्वेने दिले. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते मुंबई हे सुमारे १८८ किलोमीटरचे अंतर सकाळी कापून संध्याकाळी परत येणे शक्य केले. त्यावर कित्येक कुटुंबांचे संसार उभे राहिले. त्या गाडीतील पासधारकांनी स्वतःचे नियम करून ‘आदर्श डबा’ चालवला आणि त्याची कीर्ती दूरवर गेली. रोज कसारा घाट उतरून मोटारीने मुंबईला जाण्याची कल्पनाही ज्यांना परवडली नसती, अशा पगारदारांना एका गाडीने दोन शहरांत जगता आले. सार्वजनिक वाहन वेळेवर धावले तर ते पगारवाढीचे काम करते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आजचे उत्तर मात्र वेगळे आहे. कंत्राटदारामार्फत नेमलेल्या कामगाराला वसाहत नाही आणि पुष्कळदा कारखान्याची बसही नाही. मानधनावरील शिक्षकाला घरभाडे भत्ता नाही. अंतराचा जो खर्च पूर्वी मालक किंवा सरकार उचलीत असे, तो हळूहळू नोकराच्या खिशावर सरकवला गेला आहे, आणि हे सरकणे लक्षात येऊ नये इतक्या सुलभ हप्त्यांची सोय झाली आहे. या शहरात मोटारी तयार होतात, त्यांचे सुटे भागही तयार होतात. त्या बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी सकाळी जो कंत्राटी कामगार येतो, तो भागीदारीतल्या रिक्षातून, तीनच्या जागेवर पाचवा म्हणून बसून येतो. अमेरिकेतील अनेक शहरांत बसची सोय नसल्याने मोटार नसलेल्याला नोकरीच मिळत नाही, अशी अवस्था झाली आहे. तेथे मोटार ही चैन नसून गरिबावरचा कर आहे. तो कर नाशिकच्या गरिबावर बसू द्यायचा की नाही, हे अजून ठरायचे आहे.

बसची दुसरी बाजू

बसची बाजू घेताना तिचे दोष झाकण्यात अर्थ नाही. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या साडेपाच महिन्यांत ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते, त्याचे जे हाल झाले ते कोणी विसरलेले नाही. करोनानंतर एसटीचा ताफा घटला आणि आडगावच्या फेऱ्या आधी बंद झाल्या. नाशिक शहरातली बससेवा एसटीकडून महापालिकेकडे आली आणि ८ जुलै २०२१ रोजी ‘सिटीलिंक’ सुरू झाली. शहरात आणि त्र्यंबकेश्वर, सिन्नर अशा बाहेरच्या गावांनाही तिच्या गाड्या धावू लागल्या, हे चांगलेच झाले. पण थकलेल्या वेतनावरून कंत्राटी वाहकांनी काम थांबवल्यामुळे २०२३ आणि २०२४ मध्ये त्या गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा थांब्यावरच्या माणसाने मोटारीची स्वप्ने पाहिली असतील तर त्याला दोष देता येत नाही. टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’साठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, ती मेट्रो नाशिककरांनी अद्याप कागदावरच पाहिली आहे.

म्हणून मोटार कोणीच घेऊ नये, असे म्हणणे हा दुराग्रह ठरेल. ज्याच्या घरी अपंग किंवा वारंवार दवाखान्यात न्यावे लागणारे माणूस आहे, ज्याची पाळी बस बंद झाल्यावर सुटते, ज्या पाड्यावर दिवसातून एकदाही एसटी जात नाही तेथे ज्याची शाळा आहे, त्याच्यासाठी वाहन ही गरज आहे. त्यातही एकट्याला दुचाकी पुरते काय, हे आधी पाहावे. मात्र पेठ रस्त्यावरचा सावळघाट पावसाळ्यात दुचाकीने ओलांडणे हे जिवावर बेतणारे काम आहे, याचेही भान असावे. जेथे चार सहकारी एकाच दिशेने जातात, तेथे एक मोटार चौघांत वापरणे हा शहाणपणाचा मार्ग आहे आणि नाशिकचे कित्येक शिक्षक तो चोखाळतात. वर मांडलेले साडेपंधरा हजार चौघांत वाटले, तर प्रत्येकी चार हजारांच्या आत येतात. परवानगीवाचून खासगी गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेणे कायद्याला मान्य नाही. म्हणून भाडे ठरवण्यापेक्षा ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी आळीपाळीने काढणे बरे. आणि जुनी गाडी घ्यायचीच झाली, तर तिच्यावर कर्जाचा बोजा व दंडाची थकबाकी नाही ना, हे पाहून नोंदणीपुस्तक व विमा आपल्या नावावर करून घेण्यात एक दिवसही दवडू नये.

उरलेल्या सर्वांसाठी एक साधा नियम पुरेसा आहे: नव्या गावी पहिले वर्ष मोटारीवाचून काढावे. वर्षभरात पावसाळा जातो, परीक्षा जातात, एखादे आजारपण येऊन जाते. बस कोठे दगा देते आणि कोठे नाही ते कळते. घर बदलावेसे वाटले तर बदलता येते. नोकरी टिकते की नाही तेही उमगते. या काळात महिन्याला जेवढा हप्ता गेला असता त्याच्या निम्मी रक्कम जरी बँकेत टाकली, तरी वर्षाअखेर हाती काही तरी असते आणि निर्णय गरजेपोटी होतो, घाईपोटी नव्हे.

परंतु हा शहाणपणा एकट्या नोकरदाराने दाखवून भागणार नाही. आदिवासी तालुक्यांत शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळा धरून एसटीच्या फेऱ्या आखणे, मानधनावरील शिक्षकांसाठी तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोल्या उभारणे, सातपूर-अंबडच्या पाळ्यांशी सिटीलिंकचे वेळापत्रक जुळवणे आणि वाहकाचा पगार वेळेवर होईल हे पाहणे, यांपैकी एकही काम अशक्य कोटीतले नाही. २०१५ च्या सिंहस्थात खासगी मोटारी शहराबाहेर थांबवून लक्षावधी भाविकांना एसटीने रामकुंडाच्या दिशेने आणले गेले. साधूंच्या शाही स्नानासाठी जी व्यवस्था काही दिवस करता येते, ती शाळेत जाणाऱ्या शिक्षकासाठी आणि कारखान्यात जाणाऱ्या कामगारासाठी बारा महिने का करता येऊ नये? पर्वणीला येणारा भाविक स्नान करून परत जातो. बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थांब्यावर उभे राहायचे असते. तेथे बस वेळेवर आली, तर सोळा हजारांतला माणूस साडेपंधरा हजारांची मोटार दारात बांधणार नाही.